तीन दिवसांत शिकलेलं दोन वर्षांनी किती उरतं?

वाचकाचं पत्र

मी पुण्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मेडिसिनची असोसिएट प्रोफेसर आहे. दोन वर्षांपूर्वी बढतीसाठी लागणारा मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स केला. नाइलाजाने गेले होते, पण ते तीन दिवस फार आवडले. छोट्या गटात शिकवणं, उद्दिष्टं लिहिणं, सहकाऱ्यांसमोर काही मिनिटं शिकवून बघायचं मायक्रोटीचिंग, फीडबॅक कसा द्यायचा, सगळंच नवं होतं. परत आल्यावर झपाटल्यासारखी कामाला लागले. लेक्चर्स नव्याने बांधली, मध्ये मध्ये प्रश्न, जोडीने चर्चा. मुलांनाही आवडलं. तीन-चार महिने असं चाललं. मग पावसाळा आला, वॉर्ड डेंगीने भरला, पाठोपाठ इन्स्पेक्शन, घरी सासूबाईंचं ऑपरेशन. आज माझ्या लेक्चरला पुन्हा त्याच साठ स्लाइड्स आहेत आणि मागच्या बाकांवर मोबाइल. क्लिनिकला, म्हणजे पेशंटपाशी घेतो त्या तासाला, मुलाची केस मांडून संपली की त्याला आधी "तुला स्वतःला कुठे अडलं?" असं विचारते, तेवढी एक सवय राहिलीये. बाकी सगळं धुऊन गेलं.

आता आमच्या एमईयूच्या, म्हणजे मेडिकल एज्युकेशन युनिटच्या, कोऑर्डिनेटर मॅडमनी याच कोर्सच्या पुढच्या कार्यशाळेत रिसोर्स पर्सन, म्हणजे शिकवणारी, म्हणून माझं नाव घातलंय. मला ते ढोंग वाटतं. जे मलाच टिकवता आलं नाही, ते मी दुसऱ्यांना काय शिकवणार? आणि मुळात अशा प्रशिक्षणाचा परिणाम टिकतो का, की हे सगळं सर्टिफिकेटपुरतंच?

— एक शिक्षिका, पुणे

उत्तर

नमस्कार मॅडम,

कोऑर्डिनेटर मॅडमना होकार कळवा. फक्त एक अट घाला. ती कोणती, ते पुढे सांगते.

केस संपल्यावर मुलाला आधी "कुठे अडलं" विचारायची सवय तेवढी राहिली, असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला सगळ्या पत्रात तेच सर्वांत मोलाचं वाटलं. डेंगीचा वॉर्ड, इन्स्पेक्शन, घरचं आजारपण, एवढ्या सगळ्यातून ती सवय तगली. तेव्हा बाकीचं का गेलं हे शोधण्याआधी हीच का राहिली ते बघू या.

एक तर तिला वेगळा वेळ काढावा लागत नाही. क्लिनिक तसंही होणार असतं, केस तशीही संपणार असते आणि ती संपली की तुम्ही काहीतरी बोलणारच असता. त्या बोलण्याचं पहिलं वाक्य तेवढं बदललं. शिवाय उत्तर तिथल्या तिथे मिळतं. मुलगा म्हणतो, "मॅडम, जेव्हीपी (मानेतल्या शिरेचा दाब) बघताना गोंधळलो," आणि पुढची पाच मिनिटं कशावर घालवायची ते तुम्हाला कळतं. त्या प्रश्नाने तुमचंच काम सोपं केलं, म्हणून कुणी मागे लागलं नाही तरी तुम्ही तो पुन्हा विचारता. आणि तो विचारायला परवानगी कुणाची लागत नाही, ना एचओडींची (विभागप्रमुखांची), ना टाइमटेबल ठरवणाऱ्यांची.

आता लेक्चर घ्या. एक तास नव्याने बांधायचा तर आदल्या दिवशी घरी दोन-तीन तास बसावं लागतं. हॉलमध्ये दीडशे-दोनशे मुलं, बाक जमिनीला ठोकलेले, माइक एकच. तास रंगला तरी विभागात कुणाला कळत नाही आणि पडला तरी कळत नाही. अशा जागी नवी पद्धत चालवायची तर रोज स्वतःलाच ढकलावं लागतं, आणि इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तेवढं बळ कुणाच्याच अंगात नसतं. यात तुमची निष्ठा कुठे कमी पडली असं मला वाटत नाही. सगळ्यांत जास्त कष्टाची गोष्ट तुम्ही आधी हातात घेतली, आणि कमी कष्टाची कोणती हे तुम्हाला कार्यशाळेत कुणी वेगळं काढून सांगितलं नव्हतं.

परिणाम टिकतो का, हा तुमचा मोठा प्रश्न. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांत मांडलं: लोकांना आवडलं का, ते काही शिकले का, कामाच्या जागी त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून शेवटी काही निष्पन्न झालं का. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी सर्टिफिकेट वाटायच्या आधी जो फॉर्म भरून घेतात, तो पहिल्या पायरीवरच संपतो. पोस्ट-टेस्ट घेतली तर दुसरी पायरी गाठली जाते. तिसरी बघायची तर सहा महिन्यांनी वॉर्डात येऊन उभं राहावं लागतं, आणि तेवढ्यासाठी सहसा कुणी येत नाही. तुम्ही मात्र स्वतःच दोन वर्षांनी मागे वळून पाहिलंत. ही तिसऱ्या पायरीचीच तपासणी झाली.

वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणावर मॅकगिल विद्यापीठाच्या इव्हॉन स्टाइनर्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. त्यात ५३ अभ्यास तपासले होते. चित्र बरंचसं तुमच्या अनुभवासारखंच निघालं. शिक्षकांना अशी प्रशिक्षणं आवडतात, त्यांचा शिकवण्याकडे बघण्याचा दृष्टिकोन बदलतो, ज्ञान आणि कौशल्य वाढतं, वागण्यातही बदल झाल्याचं ते सांगतात. पण हा बदल बऱ्याच ठिकाणी शिक्षकांनी स्वतःच नोंदवलेला होता. विद्यार्थी जास्त शिकले का, हे तपासणारे अभ्यास थोडे. ज्या कार्यक्रमांचा उपयोग झाला त्यांच्यात काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: स्वतः करून बघायला मिळणं, केलेल्यावर कुणीतरी फीडबॅक देणं, सोबतच्या शिक्षकांशी नातं जुळणं. दहा वर्षांनी याच मंडळींनी १११ अभ्यासांचा पुढचा आढावा केला. तोवर लांब पल्ल्याचे, महिनोन्महिने चालणारे कार्यक्रम वाढले होते.

अशा लांब पल्ल्याच्या एका कार्यक्रमाचा पाठपुरावा मुद्दाम सांगते. बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये डॉक्टर-शिक्षकांसाठी नऊ महिन्यांचं प्रशिक्षण होतं, दर आठवड्याला काही तास, आपापलं काम सांभाळून. त्यातून बाहेर पडलेल्यांना आणि न गेलेल्या सहकाऱ्यांना काही वर्षांनी प्रश्नावली पाठवली. हा अभ्यास २००५ मध्ये छापून आला. प्रशिक्षण घेतलेले लोक शिकवण्यात जास्त रमलेले होते, आणि फीडबॅक देण्या-मागण्यात स्वतःला जास्त सराईत समजत होते. इथेही उत्तरं स्वतःबद्दलचीच आहेत, तेवढं हातचं राखून वाचायला हवं. तरी माझं मत असं, की टिकतं. पण आठवड्यामागून आठवडे माणसं एकमेकांना भेटत राहिली म्हणून टिकतं. तीन दिवस सलग बसवून नंतर वर्षानुवर्षं विचारपूसही न करणं आणि मग टिकलं नाही म्हणून खंत करणं, यात शिक्षकावर अन्याय होतो.

आपल्याकडेही हे कळलेलं आहे. मुंबईत केईएमच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात फेमर या वैद्यकीय शिक्षकांना घडवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं प्रादेशिक केंद्र २००५ मध्ये सुरू झालं. तिथली फेलोशिप दोन वर्षांची, आणि प्रत्येकाने आपल्याच कॉलेजात एक प्रकल्प करून दाखवायचा असतो. बेसिक कोर्सच्या पुढचा जो अॅडव्हान्स कोर्स आहे त्याचीही घडण तशीच आहे: आधी एकत्र भेटायचं, मग परत जाऊन काम करायचं, मग ते घेऊन पुन्हा भेटायचं. या दोन्हींत शिकण्याची खरी जागा आपलं कॉलेज आहे. बेसिक कोर्स मात्र हजारोंना द्यायचा असल्यामुळे तीन दिवसांत आटोपतो. त्याला तोच धागा जोडता येईल का, हा तुमच्यासारख्यांच्या हातातला प्रश्न आहे.

पण त्याआधी तुमच्या मनातल्या हिशेबाबद्दल थोडं. "बाकी सगळं धुऊन गेलं" असं तुम्ही लिहिता, ते मी जसंच्या तसं मान्य करणार नाही. प्रशिक्षणाचं मोजमाप करणाऱ्यांना एक अडचण फार वर्षांपासून माहीत आहे. कोर्सच्या आधी शिक्षकाला विचारलं, "तुम्हाला फीडबॅक देता येतो का?" तर तो दहापैकी आठ गुण घेतो, कारण फीडबॅक म्हणजे मुलाला चूक सांगणं एवढंच त्याला ठाऊक असतं. कोर्स झाल्यावर त्यात काय काय असतं ते कळतं, आणि आता तोच शिक्षक स्वतःला पाच देतो. कागदावर तो खाली घसरला, प्रत्यक्षात त्याची पट्टी बदलली. म्हणून कित्येक अभ्यासांत कोर्स संपल्यावर विचारतात, "आज जे कळतंय त्यावरून सांगा, आधी तुम्ही कुठे होतात?" तुमच्या बाबतीत हेच बघा. त्या साठ स्लाइड्स तीन वर्षांपूर्वीही होत्या आणि मागच्या बाकांवर मोबाइलही होते. तेव्हा ते तुम्हाला टोचत नव्हते. आज टोचतात. ही टोचणी त्या तीन दिवसांतूनच आली आहे आणि दोन वर्षांनीही ती बोथट झालेली नाही.

आता कामाचं बोलू. जी सवय जिवंत आहे तिच्याच शेजारी दुसरी लावा. क्लिनिकमध्येच.

अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी १९९२ मध्ये मांडलेली "वन मिनिट प्रिसेप्टर" ही पद्धत तुम्हाला कोर्समध्ये भेटली असेल. समजा, फायनल इयरचा मुलगा केस मांडतोय. मुळशीकडच्या एक मावशी, वय बेचाळीस, जिना चढताना धाप लागते, रात्री दोन उश्या घेऊन झोपतात. मांडून झालं की तो तुमच्याकडे बघतो, आणि आपल्या सगळ्यांची जीभ तिथेच सुटते. त्या क्षणी फक्त विचारा, "काय वाटतं तुला?" तो म्हणतो, "मॅडम, मायट्रल स्टेनोसिस." (हृदयाची एक झडप अरुंद झालीये.) बरोबर की चूक ते सांगू नका. "कशावरून?" असं विचारा. "फर्स्ट हार्ट साउंड मोठा आहे, एपेक्सला मिड-डायस्टॉलिक मर्मर वाटतोय, पण नक्की नाही." (मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाज.) आता तुम्हाला कळलं की निदान त्याने पाठांतरातून काढलेलं नाही, आणि तो कुठे डळमळतोय तेही कळलं. मग जे चांगलं केलं ते नाव घेऊन सांगा: "मावशींना डाव्या कुशीवर वळवून ऐकलंस, ते अगदी बरोबर." नुसतं "गुड" म्हणाल तर काय चांगलं झालं ते त्याला कळत नाही. मग चूक: "पण स्टेथोस्कोपची चपटी बाजू, डायफ्रॅम, लावली होतीस. हा मर्मर लो-पिच असतो, वाटीसारखी बाजू, बेल, हलकेच टेकवून ऐक. मावशींना श्वास सोडून जरा धरायला सांग." आणि शेवटी पुढच्या पेशंटलाही उपयोगी पडेल असा एकच नियम: लो-पिच आवाज शोधायचा तर बेल, आणि दाब द्यायचा नाही, कारण जोरात दाबली की बेलचा डायफ्रॅम होतो.

या सगळ्याला दोन-तीन मिनिटं लागतात. पण पाचही गोष्टी एकदम सुरू करू नका. "काय वाटतं?" आणि "कशावरून?" एवढ्या दोनच घ्या, आणि त्याही मंगळवारच्या क्लिनिकच्या पहिल्या केसला. "मी जास्त इंटरॅक्टिव्ह शिकवीन" हा संकल्प आठवड्याभरात विरतो. "मंगळवारी पहिली केस मांडून झाली की मी आधी हे विचारीन" हा टिकण्याची शक्यता खूप जास्त, कारण आठवण करून द्यायला ती केसच समोर असते. हे दोन प्रश्न न ठरवता तोंडात यायला लागले की मग पुढचं.

जाता जाता एक सांगायचं राहतं, आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. या सगळ्या वेळात मावशी तिथेच पडलेल्या असतात. आधी "मावशी, ही मुलं शिकतायत, तपासू द्याल ना?" असं विचारलंत तर तुमच्यामागे उभी दहा मुलंही परवानगी मागायला शिकतात. आणि मुलांशी इंग्रजीत बोलताना "सर्जरी", "व्हॉल्व्ह", "रिस्क" हे शब्द मावशींच्या कानावर पडतात, आणि अर्धवट कळल्यामुळे रात्रभर घोर लागतो. ती चर्चा डेमो रूममध्ये घ्या. एटकॉमच्या (वृत्ती, नीती आणि संवाद यांच्या) मॉड्यूलमध्ये जे तास घेऊन शिकवायचं ते इथे खाटेपाशी बघायला मिळालं, तर मुलांच्या जास्त लक्षात राहील.

एकटीने करायला घेतलंत तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच होईल, अशी मला काळजी वाटते. म्हणून एक जोडीदार शोधा. आपल्या विभागातला असायलाच हवा असं नाही. पॅथॉलॉजीतली किंवा पीएसएममधली (सामाजिक आरोग्य विभागातली) एखादी सहकारी जास्त बरी, कारण तुमच्या मर्मरच्या ज्ञानाकडे तिचं लक्ष जाणार नाही, शिकवण्याकडे जाईल. तिला म्हणा, "पंधरा मिनिटं माझ्या क्लिनिकला उभी राहशील?" आणि काय बघायचं ते आधी ठरवून द्या, एकच गोष्ट. सुरुवातीला ही देऊन बघा: प्रश्न विचारल्यावर मी किती वेळ थांबते? मेरी बड रोव यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकन शाळांतले वर्ग टेपवर ऐकून मोजलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तर मुलांची उत्तरं लांबली, कारणं देऊन येऊ लागली, आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली. वॉर्डात आपण थांबतो का? स्वतःला कळत नाही, घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या मैत्रिणीला कळतं.

नंतर कँटीनमध्ये चहा घेताना आधी तुम्ही सांगा कसं झालं, मग तिने जे पाहिलं ते सांगावं. मत देऊ नये, पाहिलेलं सांगावं: "तिसऱ्या प्रश्नाला तू थांबलीस, बाकी दोन्हींची उत्तरं तूच दिलीस." याचा कागद करायचा नाही, फाइलला लावायचा नाही, एचओडींना दाखवायचा नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही तिच्या प्रॅक्टिकलला जा. कार्यशाळेतल्या मायक्रोटीचिंगमध्ये आपण पाच-सात मिनिटं सहकाऱ्यांसमोर शिकवलं आणि त्यांनी आपल्याला आरसा दाखवला, म्हणून ते सगळ्यांना इतकं आवडतं. तो अनुभव महिन्यातून एकदा फुकट मिळवायची ही सोय आहे.

लेक्चरबद्दल थोडक्यात. सगळी लेक्चर्स नव्याने बांधायचा विचार सोडून द्या. साठ स्लाइड्स राहू देत. फक्त तास सुरू होताच मागच्या तासावरचे तीन प्रश्न, वह्या मिटून, दोन मिनिटांत लिहायला सांगा. उत्तरपत्रिका गोळा करू नका, मार्क देऊ नका. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून लिहायला लावलेल्यांना आठवड्याने जास्त आठवतं. एवढं एक टिकलं, तर पुढच्या टर्मला स्लाइड्स आपोआप कमी होतील, कारण त्या दोन मिनिटांत मुलांना काय कळलं नाही ते तुम्हाला दिसायला लागेल.

तुम्ही पत्रात रेसिडेंट्सचा उल्लेख केला नाहीत, पण माझं लक्ष तिकडे जातं. इंटर्नला लंबर पंक्चर (पाठीच्या कण्यातून सुईने पाणी काढणं) शिकवतो तो बहुतेक वेळा ज्युनियर रेसिडेंट, आणि तेही रात्री दोनला. त्याने शिकवण्याचं कुठलंही प्रशिक्षण घेतलेलं नसतं. तो शिकवतो ते त्याच्या युनिटच्या मॅडम राउंडला कशा बोलतात ते ऐकून. राउंडला चारचौघांत मुलाची लाज काढणारा शिक्षक असेल तर त्याचा रेसिडेंटही इंटर्नची तशीच काढतो. मी कित्येक युनिट्समध्ये हे बघितलंय, चांगल्या आणि वाईट दोन्ही बाजूंनी. तेव्हा एखाद्या इमर्जन्सीच्या दिवशी जरा लांब उभं राहून तुमचे रेसिडेंट इंटर्न्सशी कसे बोलतात ते ऐका. त्यातल्या कुणी "तुला कुठे अडलं?" असं विचारलं, तर तुमच्या कोर्सचा परिणाम तुमच्याही पुढे गेलाय असं खुशाल समजा. कुठल्याच फॉर्मवर हे मोजलं जात नाही.

आता ती अट. कार्यशाळा तीन दिवसांवर संपणार नाही, तीन महिन्यांनी सगळ्यांनी पुन्हा तासभर भेटायचं, एवढं कोऑर्डिनेटर मॅडमकडून कबूल करून घ्या. प्रत्येकाने परत जाताना एकच बदल लिहून द्यायचा: कुठल्या वारी, कुठल्या वर्गात, नेमकं काय. तीन महिन्यांनी तो कागद घेऊन यायचं आणि काय झालं ते सांगायचं. जमलं नसेल तर तेही सांगायचं, बिनधास्त. एका विभागातून दोघं-दोघं आले तर फार बरं, कारण परत गेल्यावर विचारणारं कुणीतरी शेजारी असतं.

एचओडींनाही यात ओढावं लागेल. बाल्डविन आणि फोर्ड या दोघांनी १९८८ मध्ये प्रशिक्षणातलं कामावर कधी उतरतं याची मांडणी केली. शिकणारा माणूस आणि प्रशिक्षणाची घडण यांच्या बरोबरीने त्यांनी कामाची जागा धरली: वरिष्ठांचा पाठिंबा आणि शिकलेलं वापरायची संधी. आपण पहिल्या दोहोंवर सगळी शक्ती खर्च करतो. एचओडी वाईट असतात असं नाही, त्यांना कोर्समध्ये काय शिकवलं हेच कुणी सांगितलेलं नसतं. २०१९ च्या बॅचपासून सीबीएमई, म्हणजे क्षमतांवर आधारलेला अभ्यासक्रम, आल्यावर छोट्या गटात शिकवणं, लॉगबुक, कॉम्पिटन्सी प्रमाणित करणं हे सगळं विभागाच्या डोक्यावर आहेच. त्यांना सांगा की परत आलेली माणसं यातलं नेमकं काय करू शकतील, त्यांना आठवड्यातून एक छोटा गट द्या. मदत म्हणून मांडलंत तर बहुतेक एचओडी ऐकतील.

आणि तुमचं सेशन? तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतरचा तास मागून घ्या, जो सहसा कुणालाच नको असतो. विषय: परत गेल्यावर काय होतं. तुम्ही आम्हाला लिहिलंत तेच सगळं त्यांना सांगा. झपाटून केलेली लेक्चर्स, डेंगीचा वॉर्ड, इन्स्पेक्शन, काय सुटलं आणि काय राहिलं. यात ढोंग कसलं? समोर बसलेल्या प्रत्येकावर सहा महिन्यांत तीच वेळ येणार असते आणि ती येते हे त्यांना आधी कुणी सांगितलेलं नसतं. मग त्यांच्याकडून विचारून घ्या: तुमच्या आठवड्यात आधीच होणारी अशी कोणती गोष्ट आहे, जिच्या पहिल्या वाक्यात बदल करता येईल? सर्जरीवाले म्हणतील ड्रेसिंगची राउंड, बालरोगवाले म्हणतील लसीकरणाची ओपीडी, अॅनाटॉमीवाले डिसेक्शनचं टेबल. तिथून त्यांचा तो एक बदल लिहून होईल.

एक मनातली इच्छाही लिहून टाकते. पुण्यात ससूनला बीजे आहे, वानवडीला एएफएमसी, धनकवडीला भारती, नऱ्हेला काशीबाई नवले, पिंपरीला डी. वाय. पाटील. एवढी मेडिकल कॉलेजं इतक्या जवळ राज्यात फार थोड्या शहरांत असतील. त्यांतल्या कोर्स केलेल्या शिक्षकांनी टर्ममधून एकदा, शनिवारी दुपारी, कुठल्यातरी एका कॉलेजात जमून "मी हे करून बघितलं" एवढंच एकमेकांना सांगितलं, तरी पुष्कळ होईल. दोन कॉलेजांपासून सुरू करा. तुमच्या बॅचला तेव्हा सोबत असलेल्यांपैकी दोघा-तिघांचे नंबर अजून फोनमध्ये असतीलच.

कोऑर्डिनेटर मॅडमना ई-मेल करताना तीन महिन्यांनंतरच्या भेटीची तारीख त्याच ई-मेलमध्ये मागा, नंतर बघू म्हणून सोडू नका. युनिव्हर्सिटीच्या प्रॅक्टिकल्सच्या आधीची बघा, आणि गणपतीचे दहा दिवस टाळा. हॉल नको, एमईयूची खोली पुरे. वेळ दुपारी दोन ते तीन ठेवा, म्हणजे ओपीडी आटोपून लोक येऊ शकतील.